मडमांच्या मठातलं माप

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जे मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही...

महायुद्धाचा काळ. भोरला मी एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायचो. गावाबाहेर, हिर्डोशीच्या रस्त्याला, मिशनच्या सिस्टरांचं काळ्या दगडाचं जुनं घर होतं. लोक त्याला ‘मडमांचा मठ’ म्हणत. सिस्टर कायमच्या निघून गेल्या आणि मठ धान्याच्या एका व्यापाऱ्याने घेतला. त्याला गोदाम हवं होतं. गावातले एक डॉक्टर मात्र मागे लागले होते, की इमारत आहे तशी ठेवून प्रसूतिगृह करा. व्यापारी म्हणाला, दोन्ही नकाशे आणा, मग बघू. माझी बहीण तारा मार्गासनीला दिलेली. तिला सातवा महिना होता, आधीचं मूल दगावलेलं. कुठला नकाशा मी जीव ओतून काढणार होतो, ते उघड आहे.

मापं घ्यायला गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन. मठात साळूबाई एकटीच राहायची — हिर्डोशीची विधवा, सिस्टरांच्या हाताखाली बाळंतिणींचं सगळं करणारी. माझा गडी आला नव्हता, म्हणून तिलाच टेप धरायला सांगितलं. बाळंतिणींच्या खोलीत मागच्या भिंतीशी टेपचं टोक ठेवलं आणि ती मागोमाग आत आलीच असेल असं धरून, खाली बघत टेप उलगडत दारातून सरळ व्हरांड्याच्या कडेपर्यंत आलो. बाहेरच्या उन्हामुळे आतलं काही दिसेना.

“धरलं का?” मी विचारलं.

“व्हय,” आतून बाईचा आवाज आला. टेप ताणली गेली. सव्वीस फूट चार इंच. मी वहीत लिहिलं.

मग ती हळूच म्हणाली, “दादा, ही भिंत नका पाडू. लई गार लागतं हितं.”

साळूबाई तर मला साहेब म्हणायची... हे मनात येतंय तोच ती नदीकडून धुण्याची बादली घेऊन येताना दिसली. टेप धरायची आहे म्हटल्यावर, आधी धुणं आणते, असा विचार करून ती गेली होती. मी धावत आत गेलो. कुणी नाही. दुसरं दार नाही, खिडक्यांना गज.

साळूबाईला सांगितलं, तर ती दचकलीसुद्धा नाही. घोंगडी आणून तिने त्या भिंतीशी अंथरली. कोण असेल, असं मी तिला विचारलं.

“किती जणी आल्या, किती गेल्या,” ती म्हणाली. “कुणाकुणाचं नाव सांगू, साहेब?”

व्यापाऱ्याने गोदामच ठरवलं. मी कंत्राटदाराला विनवलं, निदान ती भिंत ठेवू. कारण विचारल्यावर मात्र सांगता आलं नाही. पाडायच्या आधी दोन गड्यांकडून तेच माप पुन्हा घेतलं. सव्वीस फूट चार इंच, इंचाचाही फरक नाही. मग धान्याच्या गाड्या आत याव्यात म्हणून, माझ्याच नकाशावरून, ती भिंत पाडली. साळूबाई चालत हिर्डोशीला निघून गेली.

ताराचे दिवस भरले तेव्हा जवळपास न्यायला जागाच नव्हती. मेव्हण्याने पुण्यासाठी बैलगाडी जुंपली. नसरापूर यायच्या आतच तारा आणि बाळ, दोघंही गेली.

तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. ताराचा नव्हता, ती तेव्हा जिवंत होती. पण ज्याच्या शब्दाला कुठेच किंमत नव्हती, अशा माझ्यासारख्या माणसाला त्या बाईने का सांगितलं असेल?