चहाची वाट, डब्याची वाट आन रुखमाबाईची सायकल

हे मी लिहिणारच नव्हती, खरं सांगते. प्रॅक्टिकलची फाईल तशीच पडली आहे, आन मनात होतं का एक फोटो स्टेटसले टाकला का झालं. पण फोटोत नुसती धूळ दिसते आन एका लुगड्याचा पदर. त्याच्यातून कोनाले काय कळन? म्हणून लिहून राह्यली, जसं येईन तसं. चुका पोटात घाला.

आमचं घर मुलचेऱ्यात. मी शिकाले चंद्रपूरले असते, सुट्टीत घरी येते. बाजूलेच मुखरूभाऊ आन रुखमाबाईचं घर. मुखरूभाऊचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हंजे काय, मोहाच्या झाडाखाली एक पेटी, हवा भराचा पंप आन पंक्चर पाहाले पाण्याचं घमेलं. पण दर रविवारी हा माणूस लोकायले सायकलवर फिराले नेते. कोनीबी या. मास्तर येतेत, बँकेतले येतेत, शाळेतल्या पोरी येतेत, कधी चंद्रपूरहून हेल्मेट-बिल्मेट घालून महागड्या सायकलीवालेबी येतेत. मुखरूभाऊ सगळ्यायच्या मागं राह्यते, कॅरिअरले पंप बांधून. मागं कोनी सुटाले नाई पाह्यजे म्हणून.

त्यानं तीन वाटा केल्या आहेत. नवशिक्यायले चहाची वाट. बंगाली लोकायच्या गावाकडं जाणारा सपाट रस्ता, दोन्ही बाजूनं धान आन मच्छीचे तळे. तिथल्या चौकात चहा प्यायचा आन परत. थोडा दम आला का डब्याची वाट, जंगलातून दिना नदीपर्यंत. दुपार होतेच, म्हणून डबा संग घ्यायचा. आन तिसरी मुक्कामाची वाट. ती डब्याच्या वाटेनंच पुढं चिचटोल्याले जाते, एटापल्लीच्या अंगानं. एका दिवसात जाणं-येणं होत नाई, तिथी कोनाच्या तरी घरी झोपाचं आन दुसऱ्या दिवशी निघाचं.

डब्याच्या वाटेत एक चढ आहे. त्याले सगळे सासूचा चढ म्हणतेत, काऊन का तिथी भल्याभल्यायची बोलती बंद होते. मुखरूभाऊचा कायदा असा का, जो सासूच्या चढावर पाय टेकवन त्याले मुक्कामाची वाट नाई.

आन रुखमाबाई दरवेळी टेकवते.

रुखमाबाई सायकल शिकली ते पोरीचं लग्न झाल्यावर. पोरगी, माधवी, सासरी गेली आन तिले शाळेत भेटलेली सरकारी सायकल घरीच राह्यली, भिंतीले टेकलेली. एक दिवस रुखमाबाई म्हणे, हिच्यावर कोंबड्या बसून राह्यल्या, त्यापेक्षा मी बसते. लुगडं खोचलं आन शाळेच्या मैदानात गेली. पडली, गुडघे फोडले, पोट्टे हासले, तीबी हासली. आता ती चहाच्या वाटेवर नव्या बायायले शिकवते. घाबरलेल्या बाईले म्हणते, "हँडलकडं काऊन पाहते वो? ते काई पळून जात नाई. समोर पाह्य."

चिचटोला तिचं माहेर. तिथी तिचे वडील आहेत, वारलूबाबा. त्यायले काचबिंदू झाला आहे. एक डोळा पूर्ण गेला, आन दुसऱ्यानं नळीतून पाहाल्यासारखं दिसते, मधातलं तेवढं. ते मधातलंबी बारीक होऊन राह्यलं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं का गेलेलं परत येत नाई, थेंब टाकत राहा.

तवापासून रुखमाबाईनं एकच धरलं. माहेरी सायकलनं जायाचं. बाबाले दिसते तवर.

मी या दिवाळीत घरी आली तवा या दोघायचं भांडण चालू होतं. मी आंगणात बसून जवसाची चटणी आन तांदळाची रोटी खाऊन राह्यली होती, म्हंजे मी साक्षीदार.

"चढ पार कर, मंग नेतो," मुखरूभाऊ म्हणे.

"त्या बँकेवाल्याले नेलं ना? तो तं अर्धी वाट ट्रॅक्टरवर बसून आला."

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"काऊन? तो तुही बायको नाई म्हणून?"

मले ठसकाच लागला. मुखरूभाऊनं माह्याकडं पाह्यलं, जशी का चूक माहीच आहे.

मग रुखमाबाई थोडी हळू झाली. म्हणे, "चंचल, तुले सांगते. लहानपणी माह्या भावाले सायकल आणली बाबानं. शाळा दुसऱ्या गावाले होती. मले म्हणे, पोरीले काय कराची सायकल. चौथीनंतर मी घरी."

मी म्हटलं, "मग आता त्यायले दाखवाचं आहे का, पाहा म्हणून?"

"नाई वो बापा. बदला थोडी घ्यायचा आहे त्या म्हाताऱ्याशी. त्याले खुशी होईन. त्यानं कधी पाह्यलंच नाई ना मले अशी."

मुखरूभाऊ उठून दुकानात चालला गेला. पण मी त्याच्या मागं गेली, मले राहावते कुठी! म्हटलं, "भाऊ, खरं सांगा, चढ राहू द्या. तुमची काय गोष्ट आहे?"

तो एका चाकाचे आरे कसत होता. वर न पाहता म्हणे, "त्या वाटेत ट्रकायच्या रस्त्याचा एक तुकडा आहे. सूरजागडच्या खाणीतलं लोखंड घेऊन जातेत ते. मोठाले ट्रक, एकामागं एक. मी मागं राहीन, आन माह्या डोळ्यापुढं ती डगमगली तं? मी माधवीले काय सांगू? मले काय सांगू?"

आता सांगा. हे त्यानं बायकोले कधीच म्हटलं नव्हतं! तिले वाटे का आपल्याले जमत नाई म्हणून हा नेत नाई. मी गेली ना पळत आन सांगून टाकलं सगळं. माह्या पोटात गोष्ट राहत नाई.

 रुखमाबाई तशीच उठून दुकानात आली, पेटीवर बसली आन म्हणे, "मागं राहून भेव वाटते तं बाजूले राह्य."

बस, एवढंच. रविवारी आमी निघालो. ते दोघं आन मी.

सासूच्या चढावर ती उतरलीच. मधातच उतरली, सायकल हातात धरून चालाले लागली. मुखरूभाऊनं तोंड उघडलं तं तीच म्हणे, "उतरली म्हंजे काय हारली? चालून राह्यली ना मी? वाट तं तेवढीच कटते." मीबी उतरली, मले तं बहाणाच पाह्यजे होता. वरच्या सपाटीवर सागाखाली बसून आमी वांग्याची भाजी खाल्ली. मुखरूभाऊ म्हणे, "कायदाच बदलावा लागन आता." ती म्हणे, "बदल. बँकेवाल्यासाठी तं कवाचाच बदलला."

मग तो ट्रकायचा रस्ता आला.  मातीपण लाल, हवापण लाल. मुखरूभाऊ इतक्या वर्षायपासून मागंच राह्यला, पण त्या दिवशी पुढं आला आन तिच्या उजव्या बाजूनं चालवाले लागला, ट्रकायच्या बाजूनं. ती मातीच्या कडेनं, तो डांबरावर. ट्रक आला का तो एक हात बाहेर काढे, मोठा, पोलिसासारखा. आन ट्रकवाले खरंच हळू करत. एकानं तं खिडकीतून ओरडून म्हटलं, "मावशी, कहां की सवारी?" रुखमाबाई नजर न हलवता म्हणे, "मायके!"

तो तुकडा संपला तवा मुखरूभाऊचं एका बाजूचं तोंड लाल झालं होतं, मिशीसकट. रुखमाबाईनं पाह्यलं आन हासत सुटली. पदरानं त्याचं तोंड पुसलं, रस्त्यातच, माह्यासमोर. मी पाण्याची बाटली शोधाचं नाटक केलं.

चिचटोल्यात पोचलो तवा ऊन कलाले लागलं होतं. वारलूबाबा आंगणात बाजेवर बसले होते, फाटकाकडं तोंड करून. ते दिवसभर तसेच बसतेत म्हणे, कोन गेलं-आलं ते पाहाले. रुखमाबाईनं घंटी वाजवली.

"कोन्या गावचं पोरगं होय?" बाबा म्हणे.

"पोरगं नाई, बाबा. मी रुखमा."

"रुखमा? बस आली का? आवाज नाई आला."

"सायकलनं आली."

 बाबा मान इकडं-तिकडं फिरवाले लागले, जसं आंगणात काई हरवलं आहे. मग म्हणे, "दिसून नाई राह्यली. तू कुठी आहे? फाटकासमोरून चालव."

ती परत सायकलवर बसली आन फाटकासमोरून गेली.

"लवकर गेली! हळू चालव ना."

परत वळली, हळू आली.

"थोडी लांबून. हां, त्या चिचेच्या झाडाजवळून. आता इकडं... इकडं ये... थांब थांब, दिसली! पाय दिसला. चाल पुढं."

आन ती चालवत राह्यली. फाटकापासून चिचेपर्यंत आन चिचेपासून फाटकापर्यंत. बाबाच्या त्या एवढ्याशा नजरेतून ती एक घडी निघे, आन दरवेळी बाबा म्हणत, "आली. गेली. परत ये." एवढी वाट चालवून आलेली बाई. पण ती थांबली नाई. आजूबाजूचे लोकं जमले. तिची भावजय पाण्याचा गडवा घेऊन तशीच उभी. मी फोटो काढाले फोन वर केला आन मले काई दिसेचना, रडत होती ना मी. म्हणून तो फोटो तसा आला.

शेवटी ती उतरून बाबाजवळ बसली. बाबानं हात लांबवला. मले वाटलं डोक्यावर ठेवतील, तं त्यायनं सायकलचं हँडल चाचपलं, मग ब्रेक दाबून पाह्यला.

"ब्रेक बरोबर लागते का?"

"लागते."

"उतारावर दोन्ही दाबाचे. पुढचाच नाई दाबाचा." मग थांबून म्हणे, "तुले कोनी सांगतलं असन नसन."

"नाई सांगतलं," रुखमाबाई म्हणे. मुखरूभाऊनं तिले हे शंभरदा सांगतलं होतं. तो बाजूलेच उभा होता, त्यानंबी मान हलवली, नाई म्हणून.

मग बाबानं तिले शिकवलं. उतार, वळण, मागून गाडी आली तं काय कराचं, सगळं. ती पोरीसारखी हो हो करत ऐकत राह्यली, जेवण वाढलं तरी.

सकाळी निघताना बाबा माह्या आवाजाकडं वळून म्हणे, "तुमच्या कॉलेजात सायकलवाले असतीन ना? पाठव कोनाले. बसून बसून तेच ते पाहतो. जाणारं-येणारं दिसलं तं बरं वाटते."

म्हणून हे लिहिलं. चहाच्या वाटेवर सुरुवात करा, रुखमाबाई शिकवते. दम आला का डबा घ्या, आन मग मुक्कामाले जा. चढावर उतरलं तरी चालते, आता कायदा तसाच आहे. चिचटोल्यात पोचले का फाटकाच्या सरळ समोरून जा, चिचेजवळून, हळू, आन घंटी वाजवा. बाबा तुमाले परत परत फिरवतीन, ब्रेकबी पाहतीन. पण लवकर जा. बाबाले दिसते तवर जा.