तुळसाच्या बोटभर बाहुल्या

दूध शेगडीवर होतं. एक डोळा त्याच्यावर ठेवून मी ह्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटत होते. देव्हाऱ्यापाशी गंध उगाळता उगाळता सासूबाई मला कालची आमटी कशी खारट झाली होती ते पुन्हा एकदा ऐकवत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. वाजलं तरी कसं म्हणावं, कुणी दाराला अंग घासावं तसा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"मांजर असेल गं," सासूबाई म्हणाल्या.

दार उघडलं तर तुळसा. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून चालत आली होती, केस मोकळेच, आणि कोपराने दार वाजवत होती. तिचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. कळसूत्री बाहुलीच्या हाताचा दोरा तुटावा, तसा.

"वहिनी, हात उचलंना," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सकाली उठले तवा असाच. अंगाखाली आला आसंल म्हनून चोलला. पन जीवच नाय त्यात."

मी तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, चहा दिला. तिने डाव्या हाताने कप धरला, पण त्याच्याही बोटांचा भरवसा दिसेना. बशीत कप खडखडला आणि मी तो माझ्या हातात घेतला. मागे दूध उतू गेल्याचा वास आला. एरवी सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या तिच्या हाताकडेच बघत राहिल्या.

ही तुळसा आमच्या ओळखीची झाली ती गणपतीमुळे. टेंभी नाक्याजवळ गोपीनाथमामांचा मूर्तींचा कारखाना होता. नाव कारखाना, पण होती ती पत्र्याखालची एक लांबट पडवी. तुळसाचं माहेर आणि सासर दोन्ही मिठागरातलं. नवरा रघु अजून मीठच ओढत होता. तिच्या टाचा मिठाने इतक्या फुटल्या होत्या की ती माती मळायला मामांकडे आली आणि तिथेच राहिली. माती मळता मळता तिने एकदा उंदराच्या मिशा काढल्या. त्या बघून मामांनी तिच्या हातात कुंचला दिला. त्यांचा स्वतःचा हात तोवर कापायला लागला होता. ताडीने, असं सगळे म्हणत. मामा चिडायचे, "अरे, एवढी ताडी प्यालो असतो तर सुखात नसतो का!"

त्यांच्या कारखान्यात एक नेम होता. देवाच्या कुंचल्याला तोंड लागता कामा नये, नाहीतर तो उष्टा. कुंचल्याला टोक हवं तर वाटीत बुडवायचा आणि ओल्या फडक्यावर फिरवायचा. गणपती असेपर्यंत तुळसाने हा नेम कधी मोडला नाही.

पण गणपती गेले की पुढचे महिने रिकामे. एक्कावन्न साली मुंबईचा एक व्यापारी आला. त्याला काचेच्या कपाटात ठेवायला बोटभर उंचीच्या मातीच्या बाहुल्या हव्या होत्या. कोळीण, नवरी, बँडवाला, भाजीवाली. अट एकच, कातडी जिवंत दिसली पाहिजे. जाड रंग एवढ्याशा चेहऱ्यावर नुसता लिंपल्यासारखा दिसे. मग मामांनी तिला पातळ थरांचं काम शिकवायला घेतलं.

आधी सफेदा. तो वाळला की फिकट पिवळा. त्यावर डिंकाच्या पाण्यात कालवलेला शेंदूर, इतका पातळ की वाटीत नुसतं गढूळ पाणी वाटावं. तो गालावर, नाकाच्या शेंड्यावर, बोटांच्या पेरांवर. खालचा रंग झाकायचा नाही, वरच्या रंगातून त्याला दिसू द्यायचं. पहिल्या कोळणीला तुळसाने ओल्यावरच दुसरा थर दिला आणि खालचं सगळं उठून चेहऱ्याचा चिखल झाला.

"घाई कुणाला आहे, तुला की तिला?" मामा म्हणाले. "ती कुठं बाजाराला चाललीय?"

महिन्याभरात ती शिकली. एक वाळेपर्यंत दुसरी, दुसरी वाळेपर्यंत तिसरी, अशी ओळीने फिरायची. थरावर थर चढले की कोळणीच्या गालाखाली खरंच रक्त आहे असं वाटायचं. मी ते पाहिलं आणि दुपारची तिच्या शेजारी जाऊन बसू लागले. कॉलेजात चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं, त्याची खुमखुमी. माझी बाहुली बघून तुळसा पदर तोंडाला लावून हसली. "वहिनी, तुमच्या कोलनीला कावील जाली!"

पातळ रंगाला कुंचल्याचं टोक सुईसारखं लागतं आणि त्यात पाणी जेमतेम. फडक्यावर ते नीट जमत नाही, केस फाकतात. तेव्हा ती ते ओठांत धरून ओढायची. थर दिला की ओठ, पुन्हा थर, पुन्हा ओठ. पहिल्यांदा ती बिचकली होती म्हणे, पण मामाच म्हणाले, "बाहुलीला कसलं आलंय उष्टं?" देवाखेरीज इतर खेळणी रंगवताना ते स्वतःही वर्षानुवर्षं तसंच करत आले होते. मला मात्र ती चव सोसेना. मी आपली फडक्यावरच फिरवत बसले आणि माझ्या कोळणी पिवळ्याच राहिल्या.

एकदा ती आमच्याकडे बाहुल्या दाखवायला आली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात शेंदूर दिसला आणि सासूबाई दचकल्या. "पोटात घालू नको गं. शेंदराने गाणाऱ्यांचे आवाज गेलेले ऐकलेत मी."

"मना कुठं गायाचं हाय, आजी!" म्हणून ती हसली. आम्हीही हसलो.

पुढच्या थंडीत तिचं हसणं कमी झालं. तोंडात सारखं गुळमट येतं म्हणायची. मग पोटात कळा सुरू झाल्या, इतक्या की उकिडवी बसून गुडघे पोटाशी धरायची. वैद्याने एरंडेल दिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तिच्याहून तिच्या बाहुल्या टवटवीत दिसत. हिरड्यांच्या कडेला तिला निळसर काळी रेघ आली होती.

"मिश्री लावायला लागलीस का?" मी विचारलं.

"नाय वो. मीठ आन कोलसा, दुसरं काय?"

आणि आता हा हात.

ह्यांनी डबा तसाच ठेवला आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉक्टरांना घेऊन आले. येताना कळव्याला जाणाऱ्या एका टांगेवाल्याकडे रघुसाठी निरोपही दिला. डॉक्टरांनी तिचा पंजा उचलून सोडला. तो पडला. मग त्यांनी तिचा ओठ वर केला, खिडकीशी नेऊन हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "काम काय करता?"

तिने सांगितलं. सफेदा, शेंदूर, ओठ. सगळं.

"शिसं असतं त्यात," डॉक्टर म्हणाले. "अंगात भरलंय."

"देवाला लावतात तोच शेंदूर ना हो?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"देव गिळत नाही, आजी."

तुळसाने विचारलं, "हात येल ना? त्याच्याबिगर मना काय येतच नाय."

"आजपासून रंगाला शिवायचं नाही. मग येईल कदाचित. पण मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आजच न्या. हातावर थांबलंय तोवर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता सहज विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"गोपीनाथमामांनी."

"त्यांना बोलवा. त्यांनाही बघायला हवं."

"मामा श्रावणात गेले," तुळसा म्हणाली. "हात कापायचा. मंग मानसं वलखंनात. येकदा जेवताना फेफरं आलं, त्यातच..."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग उरलेलं भराभर लिहिलं, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि चप्पल घालता घालता ह्यांना दाराबाहेर बोलावलं. बाहेरचं बोलणं ऐकू आलं नाही. हे आत आले ते माझ्याकडे न बघता टांगा आणायला गेले.

मामांना कशाने नेलं ते तुळसाला कळलं होतं. आपल्या मांडीवरचा हात डाव्या हाताने उचलून ती नुसती बघत बसली होती. बोटाच्या पेरात शेंदूर होताच. सासूबाई तिच्या जवळ सरकल्या. रस्त्यावर टांगा थांबल्याचा आवाज आला.

"तुळसा," मी म्हटलं, "निघायच्या आधी काही हवंय का तुला? काहीही सांग."

तिने मान वर केली.

"वहिनी, चार मानसांत जायाचं. मना केसांची येनी घालून द्या."