इंग्रजीच्या पेपरात मराठी

शोभा काल गेली.
आमच्या वर्गात सगळ्यात चांगलं इंग्रजी तिचं, आणि बोर्डात इंग्रजीत नापास झाली तीच.

माझा राग अजून जात नाही. कोणावर काढायचा तेही कळत नाही.

ऐंशीच्या दशकातलं, मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा. घरी मराठी, शाळा हिंदी मीडियमची, आणि वरून इंग्रजी.

शोभा तिगावहून पॅसेंजरनं यायची. बाबा संत्र्याच्या बागेत मजुरीला. हिचं मात्र एकच टुमणं, "मले इंग्रजीची मॅडम व्हायचं हाय."

आमचे इंग्रजीचे सर फार जीव लावून शिकवायचे. धडा वाचायचे, कविता वाचायचे आणि अर्थ मराठीत सांगायचे. आमच्या डोक्यात तेव्हाच काय ते शिरायचं.
तास संपता संपता म्हणायचे, "आता हेच हिंदीत, परीक्षेसाठी."
तोवर आमची दप्तरं भरून झालेली असायची.

बोर्डाचा पेपर सुटला तेव्हा सर गेटवरच उभे होते.
"ट्रान्सलेशन कसं गेलं गं, शोभा?"

उतारा एका आईचा होता, मुलाची वाट पाहणाऱ्या. शोभानं आपलं उत्तर तिथल्या तिथे धडाधड म्हणून दाखवलं.

"अंधार पडला, तरी मायनं दार काही लोटलं नाही."

इतकं सुंदर! मी ऐकतच राहिले.

सरांचा चेहरा उतरला.
"शोभा, तू हे मराठीत लिहिलं?"

प्रश्न होता, हिंदीत अनुवाद करा. लिहिण्याच्या भरात तिच्या ध्यानातच आलं नसावं. कवितेचा अर्थही मराठीतच लिहून आली होती. पेपर तपासायला गेला कुठल्या तरी लांबच्या गावी. तिथे कोणाला कळणार होती आमची माय?

निकालात सप्लिमेंटरी आली, म्हणजे इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायचा. सर सायकल हाणत तिगावला गेले. मी तिच्याच घरी होते.

"दोनेक महिने थांबा. पोरगी पास होतेच, माझा शब्द हाय."

तिचे बाबा मान खाली घालून म्हणाले, "सोयरीक जमली, सर. पाहुण्याइले काय सांगू? थांबा, पोरीचा पेपर राहिला हाय?"

शोभा चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती.

सप्लिमेंटरीच्या आधीच ती लोधीखेड्याला सासरी गेली. मॅडम व्हायचं राहूनच गेलं. पुढे सरही गेले.

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले. आजारानं पार सुकून गेली होती. तिला जरा चिडवावं म्हणून म्हटलं, "शोभे, त्या वाक्याचं हिंदी सांग बरं आता."

तिनं लगेच सांगितलं. एकही चूक नाही.

"येत होतं मले. तवाही येत होतं," ती म्हणाली. "पण आपली माय काय हिंदीत वाट पाहून राहते का?"

मी हसले. ती हसली नाही.

काल निरोप मिळाल्यावर निघाले, पण लोधीखेड्याला पोचेपर्यंत अंधार पडला. तिच्या घरचं दार कोणी लोटलं नव्हतं. लेक उंबऱ्यात बसून होती.

मला काही तिच्याकडे बघवलं नाही.

येते मी, शोभा मॅडम.
शेवटचा जय भीम.