दुसरे उत्तर मागणारे कुरामोतो सर

कुरामोतो सरांशी माझा परिचय संशयातूनच झाला. जपानचे हे माजी अर्थमंत्री राजकारणातून निवृत्त होऊन अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या विद्यापीठात शिकवायला आले. पहिल्याच दिवशी, बर्फ तुडवत आलेल्या आम्हा सर्वांना त्यांनी स्वतः चहा ओतून दिला. मराठी माध्यमातून आलेली मी वर्गात तोंड उघडत नसे. सर मात्र माझीच आवर्जून विचारपूस करीत.

“सावध राहा, यार,” माझ्या खोलीत राहणारी केतकी म्हणाली. “मिनिस्टर होते ते. उगाच कोणी इतकं गोड बोलत नाही.” मलाही ते पटले.

त्यांच्या संसदेत मंत्र्यांना प्रश्न आधी कळवण्याची रीत आहे. सर तीच सवलत अबोल विद्यार्थ्यांना देत. मला आदल्या दिवशी प्रश्न आला: “मी मंत्री असताना विक्रीकर वाढवला. तो निर्णय योग्य होता का?”

पुढच्या वर्षीची सहायकाची जागा, म्हणजे माझे इथले शिक्षणच, सरांच्या शिफारशीवर अवलंबून होते. हा सापळा आहे, असे मी धरून चालले. दोन उत्तरे तयार केली: एक त्यांना रुचेल असे, दुसरे मला खरे वाटणारे.

वर्गात पहिले वाचले. सर डोळे मिटून बसले होते. झोपले की काय, अशी शंका येते तोच ते म्हणाले, “आता दुसरे वाचा.”

“कोणते, सर?”

“माझे अधिकारी नेहमी दोन उत्तरे आणत. एक सभागृहासाठी, एक खिशात. तुमचे कुठे आहे?”

वर्ग हसला. करवाढीने छोट्या दुकानदारांचे कसे हाल झाले, ते मी वाचले.

सरांनी डोळे उघडले. “माझ्या वडिलांचे छत्र्यांचे दुकान होते,” ते म्हणाले. “हे उत्तर त्यांनीही दिले असते. मी विचारले नाही.”

शिफारस मिळाली. “इमेज सांभाळतायत,” केतकी म्हणाली. मीही लक्ष ठेवून राहिले. पण आपल्या कारकिर्दीवर बोलताना सर छोट्या दुकानदारांचा तो आक्षेप दर वर्षी स्वतःच मांडतात आणि बचाव करीत नाहीत, हे मी सहायक म्हणून पाहत आले आहे.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावे, ही त्यांचीच सूचना. माझ्या लेखाचा अनुवाद ते दोघांकडून वेगवेगळा करवून घेतील, याची मला खात्री आहे.

सर, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हवे तर खिसे तपासा. या वेळी माझ्याजवळ दुसरे उत्तर नाही.