निरोपाचा टिळा आणि अडलेला माऊस

पडद्यावरचा बाण नदीच्या मधोमध थांबला होता. बोरकर साहेब माऊस पुढे नेत, मागे आणत, उचलून पुन्हा टेकवत होते. बाण जागचा हलत नव्हता.

“जेवणाच्या आधी बरा चालत होता,” ते म्हणाले. “आता काऊन असा करून राहिला, बाई?”

मी खरं तर वेगळ्याच कामाला आले होते. विद्याधर नगरातल्या त्या सरकारी भूजल कार्यालयाच्या युनिक्स मशीन्सची देखभाल आमच्या कंपनीकडे होती आणि मी तिथली सर्व्हिस इंजिनिअर. साहेब त्या दिवशी रिटायर होत होते. संध्याकाळी त्यांचं लॉगिन बंद करायचं, एवढंच मला सांगितलं होतं. साहेब मूळचे वर्ध्याचे. सगळी नोकरी राजस्थानात गेली, पण बोलणं वर्ध्याचंच राहिलं. मी नाशिकची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे त्याच शहरातल्या सोडाला भागात येऊन पडलेली. मराठी कानावर पडेल म्हणून त्यांच्या ऑफिसचा कॉल मी कधी दुसऱ्याला देत नसे.

पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं वाळवंट होतं. पिवळसर, तांबूस, कुठे फिकट जांभळं. त्यावर साहेब माऊसने एक निळी रेघ ओढत होते. वाळूखाली फार पूर्वी बुजलेल्या एका नदीची ती वाट. चित्रात ती जेमतेम दिसायची आणि बघता बघता नाहीशी व्हायची. मग साहेब डोळे मिटून घेत. फिरतीवर असताना कोणत्या गावच्या विहिरीचं पाणी गोड लागलं होतं, ते आठवत. गोड पाणी जिथे, नदी तिथे. डोळे उघडले की रेघ थोडी पुढे सरके. बाहेर ऊन भाजत असायचं आणि आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास. त्यांच्या शेजारी बसलं की मलाही वाटायचं, टेबलाखालून पाणी वाहतंय. मला ते फार आवडायचं.

सकाळपासून ओढलेली रेघ त्यांनी सेव्ह केली नव्हती. नदीला अर्ध्या वाटेत सोडू नये, पुढच्या गावाला पोचली की मगच सेव्ह करायचं, ही त्यांची जुनी खोड. मी कानीकपाळी ओरडून थकले होते. त्यातून त्या प्रोग्रॅममध्ये सेव्हसाठीही माऊसच लागे. आज नकाशा दिल्लीला जायचा होता. उद्या साहेबांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि त्या विहिरींचं पाणी त्याने चाखलेलं नसेल.

अशा वेळी आधी मशीन जिवंत आहे का ते बघायचं. युनिक्सचं एक बरं असतं, पडदा गप्प झाला तरी आत काम चालू असू शकतं. मी शेजारच्या मशीनवरून त्यात लॉगिन केलं. सगळं सुरळीत होतं, साहेबांचा प्रोग्रॅमसुद्धा. त्या मशीनचा माऊस कीबोर्डलाच जोडलेला असे, म्हणून कीबोर्ड तपासला. अक्षरं उमटत होती. बॅगेतला दुसरा माऊस लावला. तोही ढिम्म.

मग मी बॉसना फोन लावला.

“रिबूट कर आणि निघ.”

“सर, सकाळचं सगळं काम जाईल.”

“उद्या करतील परत.”

“उद्या ते रिटायर असतील, सर.”

चहापर्यंत बघ, मग रिबूट, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साहेबांनी ते ऐकलं असावं. “जाऊ दे ना,” ते म्हणाले. “तशीही नदी बुजलेलीच आहे.” मला भरून आलं. तोंड लपवायला मी खाली वाकले आणि उगाच केबल चाचपू लागले. तेव्हा नजर टेबलाला समांतर आली आणि माऊसच्या पॅडच्या कडेला तांदळाचा एक दाणा दिसला. लाल, कुंकू लागलेला.

पॅड म्हणजे आताची मऊ चकती नव्हे. त्या जुन्या माऊसला चकचकीत धातूची पाटी लागे, तिच्यावर उभ्याआडव्या बारीक रेघा. माऊस दोन तऱ्हेचा प्रकाश टाकतो. एक उभ्या रेघा वाचतो, दुसरा आडव्या.

हा दाणा इथे कसा, असं मी विचारलं तेव्हा ऑफिसच्या स्टेनो शकुंतलाजी लाजल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळा स्टाफ साहेबांना टिळा लावायला वर आला होता. साहेब काही नदी सोडून उठेनात. “थाली नीचे छूट गई थी, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ये चमक रही थी, तो इसी पे रोली-चावल सजा लिए. फिर पोंछके वापस रख दी, एकदम साफ.”

साफ होती खरी. पण पाटी जवळजवळ चौरस, कोणतीही बाजू पुढे आली तरी सारखीच दिसते. ती आडवी ठेवली गेली होती. रेघांची अदलाबदल झाली आणि माऊस आंधळा झाला. मी ती पाव वळण फिरवली. बाण हलला.

साहेबांनी कपाळावरच्या टिळ्याला हात लावला आणि खूप वेळ हसले. मग डोळे मिटले. निळी रेघ हळूहळू पुढच्या गावाला पोचली, तिथे त्यांनी सेव्ह केलं. पुढे नदी कुठे जाते, मी विचारलं. “त्याच्या पुढचं पाणी मी प्यालो नाही,” ते म्हणाले आणि उठले.

तेव्हापासून माऊस बंद पडल्याचा कॉल आला की मी केबलला हात लावण्याआधी विचारते, आज इथे कुणाची पूजा झाली का? लोक हसतात. हसू देत, निम्मे बिघाड प्रेमापोटीच होतात.

त्या संध्याकाळी खाली निरोपाचा समारंभ सुरू झाल्यावर मी साहेबांचं लॉगिन बंद केलं. सवयीने फाईलींची यादी पाहिली. लॉगिन बंद केलं तरी युनिक्स फाईलीवरचं मालकाचं नाव बदलत नाही. नदीच्या फाईलीपुढे अजून बोरकर लिहिलेलं होतं. ते बदलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.