सासूचं मांस सुनेला

समोरच्या घरातल्या बाईने भाजीच्या ठेल्यापाशी, चार माणसांत, माझ्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अवं बाप्पा! काय झालं वं तुले? पार वाळून गेली!" माझ्या हातात दुधी होता, चांगला हातभर लांब. तो तिच्या डोक्यात घालावा, आणि एकदा नाही, दुधी फुटेपर्यंत घालावा, असं मला इतकं स्वच्छ वाटलं की मी तो ठेल्यावर ठेवून दिला आणि भाजी न घेताच घरी आले.

मी मुळातच तापट. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर आमच्या घरात अजूनही माझ्या आजारावर फोडतात. आजार खरा होता. राग मात्र माझा स्वतःचा, जन्मापासूनचा. तो कुठल्या ग्रंथीने मला दिलेला नाही.

सुरुवात उन्हाळ्यात झाली. कूलरसमोर बसूनही घामाच्या धारा, छातीत धडधड, हात थरथरायचे. आणि भूक तर अशी की चार पोळ्या खाऊन उठले तरी तासाभरात पुन्हा चिवड्याचा डबा शोधत फिरायची. एवढं खाऊन अंग उतरतच चाललं. ब्लाउज लोंबायला लागले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईड नको तेवढं काम करतंय असं सांगितलं. गोळ्या दिल्या. धीर धरा म्हणाले.

मी धीर धरला, लोकांनी कुठे धरला? "थायरॉईड?" ज्याला सांगावं तो हसायचा. "थायरॉईडमधे तं बाया फुगतात!" प्रत्येकाच्या नात्यात थायरॉईडने फुगलेली एक तरी मावशी होतीच. मी समजावून सांगायची, बाबा रे, ते कमी पडलं की माणूस फुगतो आणि जास्त झालं की वाळतो. लोक मान डोलवायचे आणि माझी पाठ वळली की एकमेकांकडे बघायचे. मी काहीतरी लपवतेय, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा रोज विचारायचा, "मॅडम, डायट कोणतं चालू आहे, आमच्या मिसेसलेही सांगा नं." त्याची जीभ बाहेर ओढून फायलीला स्टेपल करावी असं मला रोज वाटायचं. रोज मी कपाळावरचा घाम पुसून पुढचं पान उलटायची. एका तेरवीच्या जेवणात तर एक लांबची नातेवाईक तोंडात बुंदी भरलेली असताना माझ्या कानाशी आली. "कॅन्सर तं नाही नं?" तिच्या तोंडचे कण माझ्या गालावर उडाले. ज्याची तेरवी होती तो बिचारा बाजूलाच राहिला, सगळ्या पंगतीचं लक्ष माझ्या मनगटांवर. आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगावर बोलायला परवाना लागत नाही.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. अंग माझं होतं, बोलणीही मलाच होती.

आमच्याकडे त्याआधीच्या हिवाळ्यात सून आली होती. नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. उंच, आडव्या हाडाची, गावात बापाची मोटरसायकल फिरवणारी. हसली की शेजारपाजारी कळायचं. आणि जेवायची कशी! पोरीने भाकरीवर भिवापुरी मिरचीचा ठेचा घेऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ला, तेव्हाच ती मला आवडून गेली. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो, कुणाच्या नाकातून आधी पाणी येतं ते बघायचो. मुलगा आणि नवरा म्हणायचे, तुमच्यात आम्ही नाही बाबा.

माझ्या नणंदबाई काटोलला असतात. नवऱ्याहून मोठ्या, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दाला किंमत. पावसाळ्याच्या तोंडावर त्या आल्या. सून चहा घेऊन बाहेर आली, तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "सून आली तशी भरून राहिली अन् सासू वाळून राहिली. सासूचं मास सुनेले लागलं बाप्पा!"

सगळे हसले. माझा नवराही हसला. सुनेने ट्रे ठेवला आणि आत गेली.

"ताई, मले थायरॉईड आहे," मी म्हटलं.

"हो नं वहिनी, तू तं सांगशीलच. घरची अब्रू झाकाले असंच बोला लागते."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, ताईचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नको. त्याचे पुढचे दात मी पोळपाटाने कसे पाडले असते, किती वार लागले असते, याचा मी पोळ्या लाटता लाटता पूर्ण विचार केला. पोळ्या त्या दिवशी फार पातळ झाल्या.

ते वाक्य काटोलहून कसं कोण जाणे आमच्या कॉलनीत येऊन पोचलं. समोरचीने भाजीच्या ठेल्यावर विचारलं, "सुनेच्या हातचं पचत नाही काय वं?" कुणी म्हणालं, सुनेला चांगली लागली आहे नागपूरची हवा. आणि मग आमच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. सून माझं ताट व्हरांड्यात आणायला लागली. फाटकाच्या बाजूला खुर्ची, समोर स्टूल, ताटात भाताचा डोंगर. "आई, इथंच बसा, हवा आहे." हवा कसली, पावसाळी उकाड्याने अंगाला कपडा चिकटत होता. पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मी जेवताना दिसत होते. हे कळलं तेव्हा ताट उचलून आत जावंसं वाटलं. तरी मी खाल्लं. बाजारात उभ्या केलेल्या म्हशीसारखी बसून रोज खाल्लं, कारण ती दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची.

त्याच सुमारास तिला दिवस गेले. आमच्यात तीन महिने पूर्ण होईपर्यंत ही गोष्ट घराबाहेर काढत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. त्यामुळे घरातल्या चौघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिला उलट्या होत होत्या, जेवण कमी झालं होतं, मला वाटलं डोहाळे. पण डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि माझ्यावरच डाफरल्या. "उलट्यांनी इतकं उतरत नाही. ही मुलगी जेवतच नाहीये. बाळाला कुठून मिळणार? असंच चाललं तर भरती करून सलाईन लावावी लागेल, आणि तरी मी खात्री देत नाही."

परत येताना ऑटोत मी तिला विचारलं. ती बाहेर बघत म्हणाली, "लोक म्हणतात मी तुमचं खाऊन राहिली. मी बारीक झाली तं नाही म्हणणार नं, आई."

मी दात इतके आवळले होते की कानशिलं ठणकत होती. कुणाचा गळा धरू, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि गळे तर गावभर होते. ती आपल्या पोटातल्या लेकराला उपाशी ठेवत होती, लोकांनी माझ्या अंगावर बोलू नये म्हणून.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. गोड बोलले, ओरडले, शपथ घातली. मुलाने पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. खायचंच ती विसरून गेली होती जणू.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी नणंदबाई दरवर्षी सवाष्ण म्हणून येतात. त्या दिवशी त्या नणंद नसतात, साक्षात लक्ष्मी असतात. त्यांचे पाय धुवायचे, हळदीकुंकू लावायचं, त्यांचं मन दुखेल असं काही बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पोळीचा आग्रह करून करून वाढायचं. सवाष्ण अर्धपोटी उठली तर घरची लक्ष्मी उठली. सकाळी नवरा मला म्हणाला, "आजच्या दिवस तेवढं तोंड सांभाळ." मी हो म्हटलं. खरंच सांभाळणार होते.

पंगत बसली. मधोमध नणंदबाई, दोन्ही बाजूंना नात्यातल्या बायका. मी पुरणपोळ्या वाढत होते, मागून सून तूप वाढत होती. ती नणंदबाईंच्या पानावर वाकली तशी त्यांनी तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता तरी दिसेल हिला. आता तरी लाज वाटेल.

"अवं, आता तं सूनही वाळली!" त्या म्हणाल्या. "सासूले उपाशी ठेवलं त्याचं पाप लागलं काय वं?"

बायका हसल्या. पोळी चावता चावता हसल्या. सुनेच्या हातातली तुपाची वाटी कलंडली, तिने भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसली. इतके दिवस ती उपाशी राहिली, आणि बोलणं थांबलं नाहीच.

मी नणंदबाईंच्या समोर गुडघे टेकले. "ताई, पोळी घ्या."

"नको वं, पुरे झालं."

"आग्रह आहे. सवाष्णीनं नाही म्हणू नये."

डाव्या हाताने मी त्यांचा जबडा धरला, लहान पोराला औषध पाजताना धरतात तसा, अंगठा एका गालात आणि बोटं दुसऱ्या गालात. उजव्या हाताने घडी केलेली अख्खी पोळी तोंडात कोंबली. बायकांना गंमत वाटली, "घ्या, घ्या!" करून ओरडल्या. मी दुसरी उचलली. आता त्यांचे डोळे बदलले. त्यांनी माझा हात ढकलला, मी आणखी दाबला. थरथरणाऱ्या त्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. नखं गालात रुतली. त्यांचा दात माझ्या बोटात घुसला, मी बोट काढलं नाही, पोळी आत लोटली. ओठ फाटला. हनुवटीवर पुरण, तूप आणि रक्त एक झालं, रेशमी लुगड्यावर ओघळलं.

"खा नं!" मी ओरडत होते. "तुमच्या बोलण्यानं तिनं खाणं सोडलं! तिच्या पोटात लेकरू आहे, लेकरू! खा!"

हसणं बंद झालं. नवऱ्याने मागून माझी कंबर धरली, मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं, तो कळवळून बसला. पानं उलटली, कढीचा लोट थेट देवींच्या पायापाशी गेला. नणंदबाईंना ठसका लागला, श्वास अडकला, चेहरा काळानिळा पडला. कुणीतरी त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. त्या वेळी त्या मेल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. मग त्यांनी ओकारी काढली, श्वास घेतला आणि रडायला लागल्या.

ओटी न घेताच त्या गेल्या. बाकीच्या बायकाही चपला शोधत निघून गेल्या. नवरा एका हाताने बरगडी धरून त्यांच्यामागे धावला. काटोलचं आमचं येणंजाणं त्या दिवशी तुटलं ते आजतागायत जुळलेलं नाही.

मी मात्र जिंकल्यासारखी स्वयंपाकघरात गेले. मुलाने सुनेला आत आणून बसवलं होतं आणि तो डॉक्टरीणबाईंना फोन करायला बाहेर गेला होता. मी ताट भरलं, पोळी, भात, पडवळाची भाजी, कढी, आणि तिच्यापुढे धरलं. "आता खा. आता कोणी बोलणार नाही तुले. खा म्हणते नं!"

ती उठली आणि मागे सरकत फ्रिजला जाऊन टेकली. एक हात तिने पोटावर ठेवला. दुसऱ्याने आपला जबडा झाकून घेतला.

मी माझ्या हाताकडे बघितलं. नखांत पुरण होतं, बोटातून रक्त येत होतं. ही पोरगी नणंदेला नाही, मला घाबरली होती. मला लाज वाटली. मी ताट ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले. रडू आलं ते पदर तोंडात धरून दाबलं, तिला पुन्हा दचकवायला नको म्हणून.

थोड्या वेळाने ओट्यावरून ताट सरकवल्याचा आवाज आला. ती माझ्या मागेच खाली बसली असावी. पोळी तोडल्याचा, भुरका मारल्याचा आवाज आला. न राहवून मी मान वळवली. गळ्याखालची तिची हाडं वर आली होती, आणि "किती वाळली वं तू" हे माझ्या अगदी जिभेवर आलं. मी मान परत फिरवली.

"कढी आहे काय अजून?" तिने विचारलं.

मी उठायला लागले.

"तुम्ही बसा आई," ती घाईने म्हणाली. "मी घेते."

तिने उठून स्वतःच घेतली. ती जेवेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.