सासऱ्यांच्या मापाचे बाण

इंग्लंडमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारणं हा गुन्हा आहे. सासऱ्यांचे बाण चुकीच्या मापाने कापणं हा नाही. त्यामुळे मी आजही मोकळा फिरतो.

(नॉटिंगहॅमला राहून धनुष्यबाण म्हटलं की जो विनोद सगळे करतात तो मी करणार नाही. माझं स्वतःचं हसं पुरेसं झालेलं आहे.)

सासूबाई गेल्यानंतर माझे सासरे, नाना, सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आमच्याकडे आले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नाना दिवसभर फ्रंट रूमच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसेस बघत. वाढलं तेवढं जेवत, विचारलं तेवढं बोलत. सुनीता, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी बायको, बाथरूमचा नळ सोडून रडायची. एका रविवारी तिने सांगितलं, की यांना घराबाहेर काढ, कुठेही ने. मी त्यांना माझ्या तिरंदाजीच्या क्लबात नेलं.

आमच्या क्लबात जंगलात फोमची हरणं, रानडुकरं आणि एक अस्वल उभं करतात आणि सभ्य माणसं त्यांच्यावर बाण सोडतात. मी दोन वर्षं मेंबर होतो. अस्वलाला माझा अजून काही त्रास झालेला नव्हता. नानांनी क्लबचं उसनं धनुष्य घेतलं आणि काही आठवड्यांतच डुकराच्या बरगडीत बाण घातला! त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला. सासूबाईंबद्दल पहिल्यांदाच बोलले. "ही असती तर म्हणाली असती, म्हातारपणी काय हे चाळे." सुनीता हसता हसता उठून गेली, आणि नळ सुटल्याचा आवाज आला नाही.

मलाही आनंद झाला. (झाला हो. जरासा कमी झाला, पण झाला.)

सीझनच्या शेवटच्या शूटला मोठं शिंगवालं हरीण उभं करतात. परत जाण्याआधी ते एकदा टिपायचं, एवढंच नानांनी मनात धरलं होतं. ते टिपलं तर पुढच्या वर्षी नक्की येईन, असं सुनीताला कबूलही केलं होतं. तिने ते कॅलेंडरवर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी ठरवलं, नेम नानांचा असेल, पण बाण माझ्या हातचे असतील. हरणाचं अर्धं श्रेय तरी घरात फिरवता येईल.

आता बाण निवडायचे तर मी खऱ्या शिकाऱ्यांच्या एका अमेरिकन फोरमवर गेलो. तिथे लोक शपथेवर सांगत होते, की बारीक व्यासाचा कार्बनचा बाण घ्या, वाऱ्यात कमी हलतो आणि जनावरात खोल जातो. आमचं जनावर फोमचं आहे हा मुद्दा मी मनावर घेतला नाही. पेन्सिलीहून बारीक नळ्या आल्या. त्यांच्या तोंडात एक छोटा धातूचा तुकडा चिकटवतात, त्याला इन्सर्ट म्हणतात, आणि त्यात बाणाचं टोक फिरवून बसवतात. माझे इन्सर्ट आत जाईनात. मी व्हर्नियरने, अगदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, नळीचा बाहेरचा व्यास मोजला होता. इन्सर्ट आत बसतात. मग बरोबर मापाचे पुन्हा मागवले. सुनीता म्हणाली, "तू इंजिनियर कुठल्या कॉलेजचा रे? त्यांना कळवायला हवं."

मग नानांचं माप. दोन्ही हात पूर्ण पसरायचे, टोकापासून टोकापर्यंत टेप धरायची, आकड्याला अडीचने भागायचं, की दोरी कितपत ओढली जाईल, म्हणजे बाण किती लांब हवा, ते कळतं. नाना उभे राहिले. पण जावयासमोर छाती काढून हात फैलावून उभं राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कोपरं वाकलेली, खांदे पडलेले, नमस्काराच्या तयारीत असल्यासारखे. मी त्यांचे हात धरून खेचायला हवे होते. पण सासऱ्यांचे हात खेचणं माझ्या रक्तात नव्हतं. मी म्हणालो, "नाना, जमलं तर जरा..." ते "हो, हो" म्हणाले आणि आणखी अवघडले. आम्ही दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला, की टेपच्या वाट्याला फार थोडे नाना आले.

सुनीता किचनमधून ओरडली, "अरे, ओढ ना त्यांचे हात!" मी ओढले नाहीत. त्याच मापाने सगळ्या नळ्या कापल्या, इन्सर्टना एपॉक्सी लावला, ते एकदा बसले की निघत नाहीत.

नानांनी एकदाच, फार हळू, विचारलं. "एखादा आधी मारून बघायचा का, माधवराव?"

मी म्हणालो, "नाना, हे गणित आहे."

"तसं नव्हे, तसं नव्हे," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

शूटच्या दिवशी नानांनी दोरी अर्धीच ओढली. बाण हरणाच्या पुढ्यात पाचोळ्यात पडला. दुसरा तिथेच. तिसरा त्याच्याही अलीकडे. मी सगळ्यांदेखत त्यांना समजावलं, की दोरी हनुवटीपर्यंत आली पाहिजे, ताकद लावा, घाबरू नका. (अस्वलाशी माझे संबंध कसे आहेत हे माहीत असलेली माणसं आजूबाजूला उभी होती.) नाना प्रत्येक वेळी "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि प्रत्येक वेळी अर्धंच ओढलं. कीथ नावाच्या मेंबरने आपले बाण पुढे केले. नानांनी इंग्रजीत सांगितलं, की नको, थँक यू, हे माझ्या जावयांनी स्वतः केलेत.

शेवटचा बाण राहिला तेव्हा बघायला आलेली सुनीता पुढे झाली. तिने नानांचा हात धरला आणि सरळ त्यांच्या हनुवटीपर्यंत मागे नेला. बाणाचं टोक धनुष्याच्याही मागे आलं, बाण टेकवायच्या खाचेवरून घसरलं आणि नानांच्या बोटांवर पडलं.

नाना बोटं झटकत म्हणाले, "सुनीता, त्यांना काही बोलू नकोस. माप मीच नीट दिलं नाही."

म्हणजे बाण आखूड आहेत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. हरीण सोडलं, पण जावयाचा मान सोडला नाही.

पुढच्या वर्षाचं विचारलं तर नाना म्हणाले, बघू, थंडी सोसत नाही. हीथ्रोवर ते आत जायला निघाले, तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "नाना, जाण्याआधी एकदा मला चार शिव्या तरी द्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिव्या घरच्या माणसाला देतात, जावईबापू," ते म्हणाले, आणि गेले.

नाना पुन्हा आले नाहीत. त्या दिवशी परतताना मात्र सुनीताने मोटरवेला लागल्यापासून नॉटिंगहॅमपर्यंत श्वास न घेता मला शिव्या दिल्या. मी मान खाली घालून ऐकत होतो. म्हटलं, चला, एका माणसाच्या तरी आपण घरचे आहोत.